सात नंबरचा मोकळा पाय

नाटे गावच्या बाळाशेटनी मला फोन केला तो मशीन बिघडलं म्हणून नव्हे. त्यांना मोठा आकडा हवा होता. त्यांच्या बर्फाच्या कारखान्यात तापमान दाखवणारी एक पेटी होती. तिच्यावरचे आकडे बोटाच्या पेराएवढे होते आणि मागे उभ्या राहिलेल्या माणसांना ते दिसत नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. मी विचारलं की टाकीचं तापमान बघायला मागे माणसं कशाला उभी राहतात? शेट म्हणाले, ताई, ते तुम्ही आल्यावर बघा.

मी रत्नागिरीत मारुती मंदिराच्या मागच्या गल्लीत बरीच वर्षं इलेक्ट्रॉनिक्सचं वर्कशॉप चालवलं. गेल्या वर्षी शटर कायमचं खाली ओढलं. पाटी बघून लोक मिक्सर आणि इस्त्री घेऊन यायचे, त्यांना मी शेजारच्या दुकानात पाठवायची. माझं काम मोजणाऱ्या मशीनचं. आंब्याच्या पल्पचे कारखाने, काजूच्या भट्ट्या, कोळंबीची तळी, बर्फाचे कारखाने. कुठे किती गरम आहे आणि किती गार आहे ते सांगणाऱ्या पेट्या मी डिझाइन केल्या, आणि दुसऱ्यांनी केलेल्या दुरुस्त केल्या. या दुसऱ्या कामात मजा जास्त.

त्या पेट्यांच्या पोटात मल्टिप्लेक्सर नावाची एक चिप असते. दिसायला झुरळासारखी, दोन्ही अंगांना पाय. तापमान आठ ठिकाणचं मोजायचं असतं आणि मोजणारा आत एकटाच असतो. म्हणून ही चिप आठ तारा घेते आणि पाळीपाळीनं एकेक तार त्याच्यासमोर नेऊन उभी करते. डॉक्टरांच्या दाराशी कंपाउंडर नंबर पुकारतो, तसं. गिऱ्हाइकाला मात्र बहुतेक वेळा पाचच ठिकाणं मोजायची असतात. मग चिपचे तीन पाय मोकळे राहतात. कंपाउंडर सात नंबर पुकारतो आणि बाकावर सात नंबरचा माणूसच नसतो. खरा कंपाउंडर अशा वेळी पुढचा नंबर पुकारेल. चिपला तेवढी समज नाही. मोकळ्या पायावर जे काही भटकत आलेलं असेल ते ती उचलून आत नेते. आधीच्या तारेतला उरलासुरला अंश, शेजारच्या मोटरची गुणगुण, जवळून गेलेल्या माणसाच्या अंगावरची वीज, काहीही. आणि आतला मोजणारा ते प्रामाणिकपणे मोजून आकडा लावतो.

यावर उपाय अगदी साधा आहे. मोकळा पाय एका रेझिस्टरमधून ग्राउंडला, म्हणजे शून्याच्या तारेला, जोडून टाकायचा. मग तो गप्प बसतो. पण टेबलावर मशीन तपासताना मोकळे पाय काही त्रास देत नाहीत, म्हणून घाईत असलेली माणसं ते तसेच सोडतात. त्या माणसांनी मला आयुष्यभर काम पुरवलं.

चिपला हुकूम देणारे पाय मोकळे सोडले तर आणखी गंमत होते. पावसच्या एका बागायतदारांचं आंबा पिकवायच्या खोलीचं मशीन असंच होतं. ते जवळ माणूस असला की चालायचं आणि माणूस लांब गेला की रुसायचं. मला बोलवायच्या आधी त्यांनी स्वतःच तोडगा काढला होता. मशीनशेजारी खुर्ची टाकून तिथे सासऱ्यांना बसवलं होतं. म्हातारे दिवसभर पेपर वाचत बसायचे आणि आंबा झकास पिकायचा. ते लघवीला गेले की पंखे बंद. मी एक पाय ग्राउंड केला आणि मशीन एकटं चालू लागलं. जावई खूश झाले. सासरे मात्र मला चहा न विचारता घरात निघून गेले, आणि त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही.

तर बाळाशेट. ऑक्टोबरचा उकाडा होता. पावस, आडिवरे करत मी नाट्याला पोचले तेव्हा कारखान्याच्या पडवीत वीसेक माणसं उभी होती. होड्यांवरचे खलाशी, होड्या हाकणारे दोन तांडेल, कारखान्याचे कामगार. मधे एक टेबल, टेबलावर लाल फडकं आणि फडक्यावर तांब्याचं ताम्हन. संध्येला घेतात ते. ताम्हनाला बुडाशी एक तार डाग देऊन जोडलेली होती. ती खिडकीतून आत शिरली होती, कॉम्प्रेसरच्या जाड केबलला बांधून भिंतीवरून नेली होती आणि तिथेच टांगलेल्या, पडवीतून दिसणाऱ्या पेटीच्या मागे सात नंबरच्या स्क्रूला आवळली होती. पाच ठिकाणचं तापमान मोजायला घेतलेली पेटी. सहा, सात, आठ मोकळे.

बाळाशेट पन्नाशीचे, अंगानं भरलेले, स्वभावानं मोकळे गृहस्थ. त्यांनी मला अभिमानानं सगळं सांगितलं. पेटी त्यांनी मुंबईच्या एका बंद पडलेल्या कारखान्यातून आणलेली. एकदा त्यांचा वायरमन पेटीला टेकून उभा होता आणि अर्थिंग नीट तपासलंय असं सांगत होता. त्याचं बोट सात नंबरच्या स्क्रूवर होतं. शेटना दिसलं की सात नंबरचा आकडा सरसर वर चढतोय. त्यांना शंका आली, त्यांनी अर्थिंग उकरून बघितलं, तर तार तुटलेली. तेव्हापासून शेटची खात्री पटली की सात नंबरला खोटं कळतं.

अर्थिंग तुटलेलं असलं की माणसाच्या अंगातून जास्त गुणगुण येणारच, म्हणून आकडा चढला होता. म्हणजे त्या दिवशी मशीननं खरं तेच सांगितलं होतं, फक्त शेटना ऐकू आलं भलतंच. हे मी त्यांना तिथल्या तिथे सांगून पाहिलं. त्यांनी मान डोलावली आणि पुढची हकीकत सुरू केली.

मग स्क्रूवर बोट ठेवणं अडचणीचं म्हणून ताम्हन आलं. ताम्हनावर हात ठेवायचा, प्रश्नाचं उत्तर द्यायचं, आकडा चढला तर माणूस खोटा. कोणाची होडी बर्फाच्या रांगेत आधी लागली होती, कोणी कोणाचं जाळं ओढून नेलं, सगळं या पडवीत सुटू लागलं. गावातून माणसं यायला लागली. म्हणून मोठा आकडा.

मला खरं तर हसू येत होतं. आणि थोडं बरंही वाटत होतं. माझ्या धंद्यातल्या एका मोकळ्या पायाला इतका मान मी कधी बघितला नव्हता. पण तेवढ्यात ज्याच्यासाठी माणसं जमली होती तो माणूस पडवीत आला आणि माझं हसू गेलं.

तो रघुनाथ पाष्टे. कारखान्याचा कॉम्प्रेसर ऑपरेटर. शेटच्या वडलांनी कामाला ठेवलेला, केस पिकलेला, कमी बोलणारा. गेला महिनाभर कारखान्याचा बर्फ बिघडला होता. लादी बाहेरून घट्ट दिसायची आणि फोडली की पोटात पाणी. असा बर्फ समुद्रात टिकत नाही. एका तांडेलाची अख्खी होडीभर मासळी मऊ पडली होती आणि तो आता जैतापूरहून बर्फ नेतो म्हणत होता. शेट सकाळी येऊन बघायचे तर कॉम्प्रेसर थांबलेला. पाष्टे म्हणायचा, मी हात लावला नाही, मशीननंच थांबवलं. शेटना वाटायचं, हा झोपण्यासाठी बंद करतो. दोनदा त्याला ताम्हनावर हात ठेवायला लावला होता. दोन्ही वेळा आकडा चढला. आज तिसरी वेळ, आणि आज चढला तर उद्यापासून येऊ नको, असं शेटनी सगळ्यांसमोर सांगून ठेवलं होतं.

पाष्टे सरळ कॉम्प्रेसरच्या खोलीतून आला होता. त्या खोलीत दोन मिनिटं उभं राहिलं तर कपडे अंगाला चिकटतात. त्याच्या हातावरून घाम निथळत होता. त्यानं हात ताम्हनावर ठेवला. मी पेटीकडे बघत होते. त्यानं तोंड उघडायच्या आधीच आकडा चढायला लागला.

"मी नाय बंद केलं, शेट," तो म्हणाला.

आकडा आणखी चढला, कारण बोलताना त्यानं हात जरा दाबला. मागच्या माणसांनी माना उंचावल्या. शेटनी माझ्याकडे बघून हात पसरले. त्यांना म्हणायचं होतं, बघा.

मी म्हटलं, याचा हात ओला आहे म्हणून आकडा चढतोय. कोरडा हात तांब्याला कमी चिकटतो, ओला जास्त. शेट म्हणाले की तसं नाही, आपण स्वतः कित्येकदा हात ठेवून बघितलाय, आपला आकडा कधीच चढत नाही. बरोबर होतं. ते दिवसभर एसीच्या केबिनमध्ये बसायचे. त्यांचा हात पापडासारखा कोरडा.

मी आणखी समजावलं असतं. कंपाउंडर आणि बाक सगळं सांगितलं असतं. पण पडवीत इतकी माणसं होती आणि शेटना आता मागे फिरणं जड गेलं असतं. अशा माणसाशी वाद घालायचा नसतो, त्याला मशीनसमोर उभं करायचं असतं.

शेटच्या पत्नी सुनंदावैनी आतल्या टेबलाशी बसून होड्यांचे फोन घेत. त्या दारात येऊन उभ्या होत्या. मी त्यांना म्हटलं, वैनी, लांबून आलेय, काहीतरी गार द्या. त्या लगबगीनं कोकम सरबत घेऊन आल्या. कारखानाच बर्फाचा, त्यामुळे ग्लासात सरबत कमी आणि बर्फ जास्त. बाहेरून ग्लासाला दव सुटलं होतं. मी एक ग्लास घेतला आणि तोंडाला न लावता शेटच्या उजव्या हातात दिला. तोपर्यंत ते उकाड्यात बराच वेळ उभे होतेच. त्यांना मी उगाच विचारत राहिले, टाकीत मीठ कुठलं घालता, लादी किती वेळात तयार होते, वीज जाते का. ते ग्लास धरून मनापासून उत्तरं देत राहिले. त्यांच्या बोटांमधून पाण्याचे थेंब पायावर पडायला लागले तेव्हा मी ग्लास परत घेतला आणि म्हटलं, शेट, इतक्या लांब आलेय तर तुमची पण चाचणी बघू दे. मोठा आकडा लावायचा तर मला अंदाज हवा.

शेटना ही कल्पना आवडली. त्यांनी बाही वर सारली आणि ताम्हनावर हात ठेवला.

"वैनी, प्रश्न तुम्ही विचारा," मी म्हटलं. "मला ह्यांच्याबद्दल काय माहिती?"

शेटना साखरेचा त्रास होता आणि डॉक्टरांनी गोड पूर्ण बंद केलं होतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. वैनींनी पदर खोचला. त्यांना विचार करायला वेळ लागला नाही.

"काल राजापुरास गेला होतात. जिलबी खाल्लीत?"

"नाय," शेट म्हणाले.

आकडा चढला. पाष्ट्याचा चढला होता त्याहून वर. तांडेल पडवीच्या कौलांकडे बघू लागले. एका खलाशाला खोकला आला.

शेटनी पुन्हा सांगितलं की नाही खाल्ली. आकडा हलेना. त्यांनी हात जोरात दाबला, जसा काही आकडा खाली ढकलायचा होता, तर तो आणखी वर गेला. त्यांनी हात उचलला, धोतराला पुसायला खाली नेला आणि वैनींनी सांगितलं की पुसायचा नाही. त्यांच्या आवाजात काही वेगळं होतं.

बाळाशेटनी चहूकडे बघितलं. आता त्यांच्यासमोर दोनच वाटा होत्या. मशीन खरं असेल तर ते सगळ्या गावासमोर, आणि मुख्य म्हणजे बायकोसमोर, खोटे ठरत होते. मशीन खोटं असेल तर पाष्टे सुटत होता. त्यांनी फार वेळ लावला नाही.

"ह्या मशीनला काय कळत नाय," ते म्हणाले. "ताई सांगतायत ता बरोबर आहे. हात ओला की आकडा चढतो."

मी संधी सोडली नाही. ताम्हनाची तार स्क्रूतून काढली आणि सगळ्यांना पेटीवरचा दोन नंबर दाखवला. हा पॉइंट टाकीतल्या मिठाच्या पाण्यात बुडवलेला होता आणि त्याच्या आकड्यावर कॉम्प्रेसर चालू-बंद व्हायचा. तार निघाल्याबरोबर दोन नंबरचा आकडा बदलला. मघापर्यंत टाकी जितकी गार दिसत होती तितकी ती गार नव्हतीच. मी पिशवीतला काचेचा थर्मामीटर काढून एका तांडेलाच्या हातानं टाकीत बुडवला. त्याचा आणि दोन नंबरचा आकडा जुळला.

मग सगळ्यांना कळेल असं सांगितलं. कॉम्प्रेसरच्या केबलला बांधलेली ती लांब तार म्हणजे गोंगाट पकडणारी दोरी. तो गोंगाट सात नंबरच्या मोकळ्या पायातून चिपमध्ये शिरतो. चिपला झेपतो त्याहून जास्त असला की तो शेजारच्या पायांमध्येही झिरपतो. त्यामुळे दोन नंबर खोटा गार दिसतो, मशीनला वाटतं काम झालं, ते कॉम्प्रेसर थांबवतं. लादी कच्ची राहते. बर्फ का बिघडला हे शोधायला तुम्ही ताम्हन लावलंत, आणि...

"ताम्हन त्याच्या आधी लागलं," पाष्टे म्हणाला. "ताम्हन लागलं आणि मग बर्फ बिघडला."

त्याचं बरोबर होतं, मी माझं वाक्य दुरुस्त केलं. ज्या पडवीत त्याचा न्याय चालला होता तिनंच त्याचा गुन्हा तयार केला होता.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. माणसं पांगली. दोघेचौघे पाष्ट्याच्या पाठीवर थाप मारून गेले. मला वाटलं होतं त्याला आनंद होईल. त्यानं ताम्हन उचललं, नळाखाली घासून धुतलं, बुडाचा डाग नखानं खरवडून पाहिला आणि वैनींच्या हातात दिलं. मग तो शेटकडे वळला.

"मशीन म्हणालं मी खोटा, ता तुम्ही ऐकलंत. आता मशीनच खोटं, म्हणून मी खरा. शेट, मी बोलत होतो तेव्हा ऐकायला काय झालं होतं?"

पाष्टे कॉम्प्रेसरच्या खोलीत निघून गेला. इतक्या वर्षांत मी शेकडो मशीनं सरळ केली असतील, पण मशीन सरळ झाल्यावर माणसांचं काय होतं हे बघायला मी क्वचितच थांबले. त्या दिवशी पेटी उघडून बसले होते म्हणून थांबावं लागलं.

पेटी टेबलावर उलटी करून मी सहा, सात आणि आठचे पाय ग्राउंडला जोडत होते. डाग देताना धूर डोळ्यात जातो म्हणून मान तिरकी करून बसावं लागतं. शेट खुर्ची ओढून अगदी जवळ बसले. वैनी फोनवर आहेत की नाही ते त्यांनी वळून पाहिलं.

"ताई, एक विचारू? हात ओला होता, ता पटलं मला. गोंगाट झिरपतो, ता पण पटलं." ते आणखी खाली वाकले. "पण त्याला जिलबी कशी कळली?"

मी सोल्डरिंग गन बाजूला ठेवली. हसले तर डाग हलला असता.

"त्याला नाही कळली, शेट," मी म्हटलं. "मला कळली. आत्ता."

त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मग त्यांनी मला हळू आवाजात सांगितलं की फक्त दोनच कडी होती, आणि गरम होती, आणि पाक फार नव्हता. मी ते सगळं ऐकून घेतलं. वैनींना आपण काही सांगणार नाही, असंही कबूल केलं. पण एक अट घातली. पाष्ट्याला जाऊन चुकलो म्हणायचं. आजच, मी इथे असताना.

शेट म्हणाले, संध्याकाळी निवांत बोलेन त्याच्याशी. मी आतल्या खोलीकडे बघून "वैनी" अशी नुसती हाक मारली. पुढे काही बोलायला लागलं नाही. ते उठले.

पेटी मी भिंतीवर परत टांगली आणि चालू केली. टाकी अजून पुरेशी गार नव्हती, तेव्हा कॉम्प्रेसर धडधडत सुरू झाला. शेट त्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले. आत पाष्टे कॉम्प्रेसरच्या बटणाशेजारी पाना घेऊन काहीतरी आवळत होता. शेट काहीतरी बोलले. त्या आवाजात मला ऐकू आलं नाही आणि पाष्ट्यालाही नसावं, कारण त्यानं कानामागे हात धरला. शेट परत बोलले, जरा मोठ्यानं. पाष्ट्यानं मान हलवली, ऐकू येत नाही. शेटनी पुढे होऊन आणखी मोठ्यानं सांगितलं. पाष्टे पुन्हा कानामागे हात धरून वाकला. शेवटी बाळाशेटनी छाती भरून श्वास घेतला आणि होता नव्हता तेवढा आवाज लावला, आणि नेमका त्याच क्षणी कॉम्प्रेसर थांबला.

"पाष्टे, माझं चुकलं."

ते अख्ख्या आवारात गेलं. धक्क्यावरचे खलाशी वळून बघायला लागले. वैनी फोन हातात धरून दारात आल्या.

मी पेटीकडे बघितलं. दोन नंबरचा आकडा कॉम्प्रेसर थांबण्याच्या आकड्याच्या जवळपासही नव्हता. सहा, सात, आठ एका ओळीत शून्य. माझ्या कामात कुठे खोट नव्हती, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. पाष्ट्याचा एक हात कानामागे होता. दुसरा कुठे होता, ते मी मुद्दाम पाहिलं नाही.